बुधी माझ्याकडे बघतच नव्हती

मी डोळे तपासायचा तक्ता. वर भला मोठा ‘ग’, त्याखाली ‘त’ आणि ‘प’, मग अक्षरं लहान लहान होत तळाशी मुंगीएवढी. बोलणं हे माझं काम नव्हे. माझ्याकडे बघून इतरांनी बोलायचं. पण काही गोष्टी अशा डोक्यात जातात की तक्त्यालाही तोंड फुटतं!

छापखान्यातून मी थेट पनवेलला आलो, विनायककाकांच्या घरी. काका मंडळाचे अध्यक्ष. मंडळ म्हणजे दहा-बारा स्वयंसेवक. आठवडाभर नोकरी करायची आणि रविवारी डोंगराकडच्या वाड्यांवर जायचं. तिथे ते मुलांसाठी शिबिरं घेतात, दोन वाड्यांवर शाळाही चालवतात. माणसं चांगली आहेत हो. पदरचं पेट्रोल जाळून उन्हातान्हात येतात. वाईट असती तर मी एवढा चिडलोही नसतो.

शाळा बघतात पद्मजाताई. त्यांचा पाठांतरावर भारी जीव. पाढे, कविता, महिने, सगळं एका सुरात. पाहुणे आले की मुलं घडाघडा म्हणून दाखवतात आणि पाहुणे टाळ्या वाजवतात. मुलांना वाटतं, शाळा म्हणजे हेच. ऐकायचं आणि म्हणायचं.

आता माझ्या शिबिराची तऱ्हा ऐका. वाडीच्या समाजमंदिरात पांढऱ्या भिंतीवर मला टांगायचं. बाहेर ऊन म्हणून सगळी मुलं आतच, रांगेत. एकेकाने पुढे येऊन मोठ्याने वाचायचं. काका माझ्याकडे पाठ करून खुर्चीत बसायचे, वहीत डोकं घालून. कानाने ऐकायचे आणि ‘दृष्टी उत्तम’ लिहून मोकळे. अहो, डोळे तपासताय की कान?

पहिल्या पाच पोरांनी मला वाचलं. बाकीच्यांनी त्या पाच जणांना ऐकलं.

मला वाचता येत नसेल, पण समोरचा माझ्याकडे बघतोय की नाही, एवढं नक्की कळतं. दोन वर्षांपूर्वी दिपा समोर उभी राहिली, वाडीतल्या गोमाची थोरली मुलगी. तिची नजर माझ्या शेजारच्या खिडकीवर. आणि तोंडाने ‘ग, त, प’ अगदी खणखणीत! काका म्हणाले, “वा! दृष्टी उत्तम.” पुढे वर्गात तिला फळ्यावरचं काही उतरवता येईना. “लक्षच नसतं हिचं,” असं ताईंनी गोमाला सांगितलं. त्या दिवाळीनंतर गोमा तिला वीटभट्टीवर घेऊन गेला. चौदाव्या वर्षी पोर डोक्यावर विटा वाहायला लागली.

यंदा धाकटी, बुधी. वय वर्षं नऊ. पाठांतरात तिचा पहिला नंबर, फळ्याच्या नावाने मात्र बोंब. शिबिराच्या सकाळी गोमा दारात उभा राहिला.

“ताई, दिवाळी झाली का मी हिला पण नेतो भट्टीवर. शाळेत डोकं चालत नाय तिचं.”

“अहो गोमा, हुशार आहे ती. फक्त लक्ष देत नाही,” पद्मजाताई म्हणाल्या.

“मोठीचं पण हेच सांगलेलं तुमी.”

ताई मुलांची रांग लावायला वळल्या. मी भिंतीवर नुसता चरफडत होतो. अरे, त्या पोरीला कोणीतरी विचारा की, दिसतंय का!

रांग सुरू झाली. बुधीचा नंबर विसावा. एकोणीस वेळा तिने मला ऐकलं होतं. ती पुढे आली, एका डोळ्यावर तळवा धरला. तेवढ्यात माझी दोरी तुटली. मीच तोडली म्हणा हवं तर. घसरत घसरत मी खाली आलो आणि जमिनीवर पालथा पडलो.

“ग,” बुधी म्हणाली. “त, प.”

कोऱ्या भिंतीकडे बघत तिने ओळीमागून ओळ म्हटली, शेवटच्या मुंगीएवढ्या अक्षरांपर्यंत. काकांनी वहीतून डोकं वर न काढताच म्हटलं, “शाब्बास! दृष्टी उत्तम.”

पोरं खो खो हसायला लागली. रोडपालीहून पहिल्यांदाच आलेली नवी स्वयंसेविका अनुया धावत आली आणि बुधीपुढे खाली बसली.

“बुधी, तक्ता कुठाय?”

बुधीने कोऱ्या भिंतीकडे बोट केलं. मग हसण्याचा अर्थ कळला असावा. “मी चुकली काय? सगल्यांनी असंच सांगलं ना?”

“तुला दिसतंय का तिथलं?”

“दिसाचं पण असतं काय?”

पद्मजाताई वाकून मला उचलू लागल्या. काका वही चाळत राहिले, पानामागून पान ‘दृष्टी उत्तम’. “पण गेल्या वर्षीचा अहवाल तर वर गेला,” ते पुटपुटले. अहवाल गेला म्हणे! पोरीचं वर्ष गेलं त्याचं काय?

पंधरा दिवसांनी बुधीला चष्मा मिळाला. जाड भिंगांचा, नाकावरून घसरणारा. त्या रविवारी दार लावून एकेका मुलाची पुन्हा तपासणी होती, आणि दाराशी राखणीला होती बुधी. “भायेर थांबा! आयकाचं नाय!” असा दरारा की बस्स. तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “ह्याचा कोपरा फाटलाय.” खरं सांगतो, मला भरून आलं.

तिला न्यायला दिपा आली होती. गोमा आता बुधीला भट्टीवर नेणार नव्हता, मोठी मात्र जाणारच होती. बुधीने चष्मा काढला आणि बहिणीच्या नाकावर चढवला. भिंगांचा नंबर बुधीचा, तरी दिपा हलेचना. माझ्या डोक्यावरच्या त्या भल्या मोठ्या ‘ग’कडे बघत राहिली.

“एवढा मोठा व्हता?” तिने विचारलं.

अनुयाने वही ओढली. काका हळूच म्हणाले, “ती आता शाळेत नाही. आपलं शिबिर विद्यार्थ्यांसाठी आहे.”

“ती शाळेत का नाही, काका?” पद्मजाताईंनी विचारलं आणि स्वतःच्या हाताने दिपाचं नाव लिहिलं.

मी अजून त्याच खिळ्यावर आहे, कोपऱ्याला चिकटपट्टी लावून. तुमचं काम फुकटचं असेल, पण पोरांचे डोळे फुकटचे नाहीत. माझ्यासमोर मूल उभं कराल तेव्हा वही मिटा आणि त्याची नजर कुठे आहे ते बघा. जुन्या वहीत दिपाच्या नावापुढे अजूनही ‘दृष्टी उत्तम’ लिहिलेलं आहे. ते आधी खोडा.