मास्तरांनी पेन्सिल सोडली तेव्हा

मुनीदेव मास्तरांनी पेन्सिल सोडली ती एका सोमवारी, आणि तीही अगदी सहज बोलता बोलता.

लाउटोका नावाच्या बंदराच्या गावात, बाजारामागे कापडाच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, तिथे लोसालिनी वेबसाइट तयार करून द्यायची. काम करणारी माणसं दोनच, ती आणि मास्तर. मास्तरांनी साठी ओलांडली होती. उमेदीची पंचवीस वर्षं त्यांनी बसगाड्यांवर नावं रंगवण्यात घालवली. पुढे छापील चिकटपट्ट्या आल्या, ब्रशला कुणी विचारेना, तेव्हा ते हिच्याकडे आले. आले ते मदतनीस म्हणून आणि झाले गुरू. तोवर लोसालिनी थेट कंप्युटरवर बसून पान सजवायला घ्यायची आणि चार-चार वेळा मोडायची. मास्तरांनी तिला शिस्त लावली. आधी कागद. पान पेन्सिलने काढायचं, गिऱ्हाइकापुढे ठेवायचं आणि खोडरबर त्याच्याच हातात द्यायचं. काय भांडायचं ते कागदावर भांडून घेऊ दे, म्हणजे पुढे डोक्याला ताप नाही. आठ वर्षं हे असंच चाललं होतं.

त्या सोमवारी यासावा बेटांच्या बोटवाल्यांचं काम सुरू व्हायचं होतं. वीसेक बोटींची त्यांची संघटना. कुठली बोट कधी सुटणार हे लोकांना फोनवर कळावं, जागा राखून ठेवता यावी, एवढंच त्यांचं मागणं. लोसालिनीने नेहमीसारखे कोरे कागद टेबलावर मांडले.

मास्तर म्हणाले, "कागद राहू दे. पान आखायचं ते नवं सॉफ्टवेअर घेऊ या. हल्ली सगळे त्यातच करतात."

तिला आधी थट्टाच वाटली. गेली तीन वर्षं ती त्याच सॉफ्टवेअरसाठी मागे लागली होती आणि हेच मास्तर तिची टर उडवायचे, की त्यात चौकोन आपोआप सरळ होतात म्हणून माणसाची अक्कलही सरळ होते का? तिने ते बोलून दाखवलं. मास्तर हसले नाहीत. दोन रविवार मुलीच्या कंप्युटरवर बसून आपण ते शिकलोय, एवढंच म्हणाले आणि कामाला लागले.

आणि खरोखरच शिकले होते. आठवड्याभरात दोघांनी मिळून असं देखणं पान उभं केलं की बघत राहावं. निळंशार पाणी, ओळीने लावलेल्या बोटी, गोल कडांची बटणं. संघटनेची पाच माणसं बघायला आली. अध्यक्ष म्हणाले, फारच छान. बाकीच्यांनी माना डोलावल्या. चहा झाला, केक संपला आणि वीस मिनिटांत मंडळी जिना उतरून गेलीसुद्धा. फक्त संघटनेची सेक्रेटरी वासेमाथा जरा घुटमळली. तिने पडद्याकडे दोनदा पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग पर्स खांद्याला अडकवून तीही गेली.

लोसालिनीला हे काही पचेना. बोटवाली माणसं, एरवी एका दोरावरून तासभर वाद घालतील, आणि इथे एकानेही ब्र काढला नाही? तिने मास्तरांना म्हटलं, हेच पान एकदा कागदावर काढा, आपण त्यांना परत बोलावू. मास्तर म्हणाले, चष्मा घरी राहिलाय. दुसऱ्या दिवशी म्हणाले, पेन्सिली संपल्यात. तिने खाली जाऊन डझनभर आणल्या. तिसऱ्या दिवशी ते नुसतेच खिडकीबाहेर बघत बसले.

मग मात्र तिचा आवाज चढला. "माझं काही चुकलं का, मास्तर? स्वतःच शिकवलंत आणि आता स्वतःच मोडताय. निदान कारण तरी सांगा."

मास्तरांनी उजवा हात टेबलावर ठेवला. बोटं पसरून, पालथा. हात थरथरत होता. थोडाच, पण थांबत नव्हता.

"ईस्टरपासून सुरू झालंय," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, औषधाने कमी होईल, जाणार नाही. माऊसवर चालतं, चौकोन त्याचा तो जागेवर बसतो. पण कागदावर? अख्ख्या गावाने माझी रेघ बघितलीय, पोरी. आता ही दाखवू?"

गेले कित्येक महिने मास्तर अर्धाच कप चहा घेत होते, भरलेला सांडू नये म्हणून, आणि लोसालिनीला वाटत होतं की साखर सोडली असेल. स्वतःचीच लाज वाटली तिला. औषधं वेळेवर घेता ना, घरी माहीत आहे का, असं काहीबाही विचारलं तिने. मुलीला माहीत होतं. तिनेच सॉफ्टवेअर शिकवलं होतं. मग लोसालिनीने हळूच विचारलं, की बोटींचं पान तुम्ही कागदावर काढून पाहिलं होतंत का. मास्तरांनी खालचा खण उघडला आणि तीन कागद तिच्यापुढे सरकवले.

रेघा वाकड्या होत्या, नाकारण्यात अर्थ नव्हता. पण विचार सगळा जागच्या जागी होता. सगळ्यात वर मोठी पट्टी आणि तीत एकच वाक्य: आज बोट जाणार का? निळ्या पाण्याच्या नादात पडद्यावरच्या पानात नेमकी तीच पट्टी राहून गेली होती.

ते कागद टेबलावर तसेच पडलेले असताना वासेमाथा जिना चढून आली. बोटींचे फोटो द्यायचे होते तिला. मास्तरांनी कागद ओढून घ्यायला हात पुढे केला, पण तिने त्याआधीच एक उचलला होता.

"हे काय, अजून ठरतंय होय?" ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही सगळं पक्कं करून टाकलंय. इतकं चकचकीत केलेलं, म्हटलं आता कुठे बोलायचं."

"ठरतंय अजून," लोसालिनी म्हणाली आणि नव्या डझनातली एक पेन्सिल तिच्या हातात दिली.

वासेमाथा बसली ती दीड तास उठली नाही. तिचं म्हणणं, माणसांपेक्षा सामानाची चिंता जास्त. सिमेंटच्या गोण्या किती मावतील, तेलाचे डबे चालतील का, हे आधी विचारा. आणि पलीकडच्या किनाऱ्यावर सामान उतरवून घ्यायला कोण येणार, त्याचं नाव हवंच, नाहीतर पोती वाळूत भिजत पडतात. तिने मास्तरांच्या चौकोनावर काट मारली, शेजारी स्वतःचा काढला. तो तर मास्तरांच्या चौकोनाहून वाकडा.

"तुझ्यापेक्षा माझा बरा आहे," मास्तर म्हणाले.

"मग काढा की भाई तुम्हीच. मला का राबवताय?"

मास्तरांनी पेन्सिल घेतली. लोसालिनीने मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. वासेमाथाने मात्र थरथरणाऱ्या हाताकडे सरळ पाहिलं, आपल्या वडिलांचाही असाच हलायचा आणि तरी ते शेवटपर्यंत जाळी विणायचे, एवढं सांगितलं आणि बोटाने जागा दाखवली, इथे, गोण्या इथे.

त्यानंतर कामाची रीत पुन्हा बसवली. पहिला कागद मास्तरांचा आणि गिऱ्हाइकाचा. खाडाखोड होऊन तो ठरला की मास्तर सॉफ्टवेअरमध्ये नुसते करडे चौकोन मांडणार, पण त्यात मजकूर खरा, बोटींची नावं खरी. तेवढंच फोनवर घेऊन बोटीच्या धक्क्यावर चार माणसांना वापरायला द्यायचं. रंग आणि फोटो सगळ्यात शेवटी, आणि ते लोसालिनीचं काम. सॉफ्टवेअर ठेवायचं का, यावर एकदा वाद झाला. मास्तर म्हणाले, ठेवायचंच, मी दोन रविवार फुकट घालवले का?

धक्क्यावर पहिल्याच सकाळी कळलं की जागा राखायचं बटण उन्हात दिसतच नाही. ते मोठं केलं. संघटनेची माणसं पुन्हा आली तेव्हा अडीच तास भांडली, अध्यक्षांचं तर एका खलाशाशी चांगलंच वाजलं. लोसालिनी आतल्या खोलीत जाऊन एकटीच हसली.

डिसेंबरच्या सुट्टीआधी पान सुरू झालं. पहिल्या आठवड्यात बोलणी खावी लागली, कारण एका बोटीची वेळ चुकीची पडली होती. ती दुरुस्त केली. मग तक्रारींचे फोन कमी झाले.

नव्या वर्षात भाजी पिकवणाऱ्या बायकांचा एक गट आला. सातजणी, कुणाचीच ओळख नाही. मास्तरांनी कोरा कागद मधोमध ठेवला, पेन्सिल घेतली आणि म्हणाले, "हात हलतो माझा, तिकडे लक्ष देऊ नका. मी काय काढतोय त्यात चूक दिसली की लगेच सांगा."

पहिली रेघ पुरी व्हायच्या आतच एकीने सांगायला सुरुवात केली.