चाळीसगावचा साखरपुडा

हिलालचा साखरपुडा चाळीसगावला ठरल्याचं कळलं, तेव्हा प्रमिला शिवणाच्या क्लासात पोरींना काजं करायला शिकवत होती. तिनं हातातलं कापड खाली ठेवलं, पोरींना घरी पाठवलं आणि भावाला सांगितलं, "मी जास तठे."

निंबा घाबरला. "अक्का, सोडचिठ्ठी व्हयी गयी. आते काय शे तठे तुनं?"

"मनं काम शे," ती म्हणाली.

नरडाण्याच्या भाईदास पाटलांचा हिलाल अमेरिकेत इंजिनियरिंगचं पुढचं शिकायला गेला, आणि सत्त्याऐंशी साली लग्न करून प्रमिलाला घेऊन गेला. तिथं दवाखाना विम्यावर चालायचा. विद्यार्थ्याचा विमा विद्यापीठच उतरवायचं. बायकोचा नवऱ्यानं वेगळे पैसे भरून काढायचा. प्रमिलानं गेल्या गेल्या विचारलं होतं. "काढलाय, तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?" असं तो म्हणाला होता. पण दिवस गेल्यावर तपासणीला काही नेईना. रोज नवं निमित्त.

सातव्या महिन्यात रक्त जाऊ लागलं. "पडून राहा, थांबेल." दिवसभर तो हेच म्हणत खिडकीशी उभा राहिला. संध्याकाळी शेजारच्या कोरियन विद्यार्थ्याची बायको काही मागायला आली, प्रमिलाचा पांढराफटक चेहरा बघून ओरडली, आणि नवरा-बायकोनं मिळून तिला आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं. हिलाल मागून त्याच्या लाल गाडीतून आला. ती गाडी त्यानं नुकतीच घेतली होती, तिच्यापुढं उभं राहून काढलेला फोटो नरडाण्याला पाठवला होता.

दवाखान्याच्या खिडकीवरच्या बाईनं प्रमिलाचं विम्याचं कार्ड मागितलं. हिलालनं मान खाली घातली. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या प्रमिलाला सगळं उमगलं.

तिला वाचवलं. मुलगा गेला. सकाळी आणलं असतं तर, असं डॉक्टरीण म्हणाली. तेवढं इंग्रजी प्रमिलाला येत होतं.

पुढं विश्रांतीच्या नावाखाली तिला धुळ्याला पाठवलं, आणि मागोमाग वकिलाची नोटीस आली. सासू कमलबाईनं भावकीत सांगून टाकलं, "तिना आंगमाच दोष शे. पोर टिकस नही." प्रमिला ते ऐकत राहिली. उत्तर द्यायला तिला गल्लीबोळातल्या बाया नको होत्या. तिला तो समोर हवा होता.

धुळ्याहून ती पॅसेंजरनं चाळीसगावला उतरली. नवऱ्या मुलीच्या वडलांच्या, तोतारामआबांच्या अंगणात मांडव घातला होता. पाटावर कोऱ्या सुटात हिलाल बसलेला. प्रमिला बायकांमध्ये जाऊन बसली. नवऱ्या मुलीची आत्या सुंदरबाई हिनं विचारलं, "कोन शे व माय तू?"

"पहिली बायको."

कमलबाई तरातरा उठली, "हाई आठे कशी? काढा तिले भाईर!"

"एक इचारस आन जास," प्रमिला उभी राहिली. "हिलाल, मना विमा तू काढेल नव्हता. का?"

"माणसांत काय तमाशा मांडलाय?" हिलाल चढ्या आवाजात म्हणाला. "विद्यार्थी होतो मी. परवडत नव्हतं."

"आन गाडीना?"

तो शिकलेल्या माणसाच्या सुरात म्हणाला, "तिथं गाडीचा विमा कायद्यानंच काढावा लागतो."

"मंग व्हता का नव्हता?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. भाईदासही.

"होता," हिलाल म्हणाला.

प्रमिलानं मग दिवसभर वाहिलेलं रक्त, दवाखान्याची खिडकी, गेलेला मुलगा, सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. तिचं बोलून झालं तेव्हा तोतारामआबांनी पाटापुढचा नारळ उचलून आत नेला. एवढंच. कोणी हिलालला ऊठ म्हटलं नाही, पण थोड्या वेळानं तो आपणच उठला.

सुंदरबाईनं प्रमिलाचे हात धरले. "आमनी पोर वाचाडी तू!"

"मी तुमनी पोरसाठे नही उनू," प्रमिलानं हात सोडवून घेतले. "तो सगळासमोर खाली मान घाले, हाई देखाले उनू."

दारातून निघताना नवरी मुलगी दिसली. हिरव्या शालूत रडत होती आणि प्रमिलाकडे द्वेषानं बघत होती. प्रमिलानं तिची नजर झेलली आणि पुढं झाली. त्या पोरीच्या साखरपुड्याचा भरल्या अंगणात विचका झाला होता, तो आपण केला, हे तिला समजत होतं. तरी तिनं मागं वळून पाहिलं नाही.

हिलाल महिनाभरात अमेरिकेला परत गेला. खानदेशात त्याला कोणी मुलगी दिली नाही. बात गावोगाव पोचली होती. कमलबाई मंगळवारी धुळ्याच्या बाजाराला येते. प्रमिला दिसली की पदर तोंडावर ओढून दुसऱ्या गल्लीत शिरते.

प्रमिलाला घरच्या गल्लीतच भाजी मिळते. पण मंगळवारी ती पिशवी घेऊन बाजारात जातेच, आणि कमलबाई दिसेपर्यंत हिंडत राहते.