देवाचा वाटा

नामदेवने टेबलावर मूठ हाणली आणि काच फुटली. काचेखाली भगव्या कपड्यांतल्या एका महाराजांचा हसरा फोटो होता, तो तसाच हसत राहिला. नामदेवच्या मुठीतून रक्त निघून फीच्या कागदावर टपकलं. समोरच्या भाग्येशने आधी कागद ओढून घेतला, मग खुर्ची मागे सरकवली. रुमाल द्यायचं काही त्याला सुचलं नाही.

"काका, हात आवरा. पोलिसांना फोन करीन."

"कर! चार वेळा बोलावलंस, चार वेळा नवा आकडा. पयला काय बोललास? वर्साला एक लाख चाळीस हजार. सगळी फी!"

"फी म्हणजे शिकवण्याची फी. पोरगी राहणार कुठे, जेवणार काय, ते तुम्ही विचारलंच नाहीत."

बोईसरला नवापूर रोडवर, मोबाईलच्या दुकानावरच्या माडीवर, भाग्येशचं प्रवेश मार्गदर्शनाचं ऑफिस होतं. घाटावरच्या महाराजांच्या विद्यापीठात मुलं भरून द्यायची आणि दर मुलामागे आपलं कमिशन घ्यायचं, हा त्याचा उद्योग. बोलायला गोड, आणि खर्च सांगायला महाचिकट. एका बैठकीत एकच आकडा तोंडातून काढायचा.

नामदेवची बायको जमना दाराशी सुकटाची पाटी घेऊन बसली होती, कारण वासाच्या नावाखाली भाग्येशने पाटी आत येऊ दिली नव्हती. ती उठली, पदराची किनार फाडली आणि नवऱ्याचा हात करकचून बांधला. मग भाग्येशकडे वळली.

"भाऊ, आता एकदाच सांग. पोरगी उंबऱ्याबायेर पडल्यापासून वर्स संपेपर्यंत जे जे लागंल ते सगळं. त्याच्यानंतर तू नवीन काय काढलंस, तर मी यांचा हात धरणार नाय."

तेव्हा कुठे भाग्येशचं तोंड उघडलं. शिकवण्याचे एक लाख चाळीस. वसतिगृहाचे साठ. भोजनप्रसादाचे अठ्ठेचाळीस. प्रसाद असला तरी पैसे पडतातच. पांढरे गणवेश, चटई आणि महाराजांची पुस्तकं मिळून चौदा. संस्कार शिबिराचे अकरा. आणि सेवानिधी एक्कावन्न हजार, एकदाच, परत न मिळणारा. सीट राखायला दिलेले चाळीस हजार यातून वजा होतील; उरलेले शुक्रवारपर्यंत भरले नाहीत तर सीट जाईल आणि ते चाळीसही जातील.

"तीन लाख चोवीस," जमना लगेच म्हणाली. तिला सहीपुरतं लिहिता येत होतं, पण हिशेबात तिला गंडवणारा अजून जन्मायचा होता.

त्यांच्या दिशाला औषधांचं शिक्षण घ्यायचं होतं. तारापूरच्या औषध कारखान्यांच्या गेटांवरून ती आईबरोबर लहानपणापासून पाटी घेऊन फिरली होती, आणि आत पांढऱ्या कोटात फिरणाऱ्या बायका तिने जाळीतून बघितल्या होत्या. सरकारी कॉलेजची सीट चार मार्कांनी हुकली. त्या दिवशी तिने स्वतःच्या हाताला असा चावा घेतला की दातांचे वण आठ दिवस दिसत होते. महाराजांकडे सीट होती. नामदेवलाही ते पसंत पडलं. देवाच्या दारी पोरगी सुखरूप राहील, शिवाय गेट सहाला बंद होतं. तिथे मासळीला शिवायचंही नाही अशी शपथ होती. ज्या पोरीला बोंबलाच्या चटणीशिवाय भात उतरत नाही तिने ती शपथ न वाचता सही करून टाकली.

पालघरजवळच्या माहीमला घरी आल्यावर जमनाने जमिनीवर चिंचोके मांडले. दहा हजाराला एक. पहिल्या वर्षाचे बत्तीस आणि एक फुटका. पुढच्या तीन वर्षांचे प्रत्येकी पंचवीस. शंभरावर सात चिंचोके झाले आणि चुलीपासून दारापर्यंत ओळ गेली. पुढची तीन वर्षं ती आपल्या पाटीवर ओढणार होती. रोज बोईसरच्या कॉलन्यांत दोन फेऱ्या करायच्या, हे तिने मनात धरलंच होतं. अडत होतं ते पहिल्या वर्षाचं. दिलेले चाळीस हजार, आणि पाटल्या मोडून दीड लाख. एक लाख चौतीस हजार कमी. जुलै महिना, बोटी ओढून किनाऱ्यावर ठेवलेल्या, नारळी पुनवेपर्यंत दर्याला हात लावायचा नाही. आळीत कुणाच्याच घरात पैसा नव्हता.

होता तो एकाच ठिकाणी.

आळीतल्या सहा बोटी दर फेरीनंतर डिझेल-बर्फाचा खर्च वजा करून वाटे घालत. बोटीचा वाटा, जाळ्याचा, बोट चालवणाऱ्या तांडेलाचा, खलाशांचे, आणि एक देवाचा. देवाचा वाटा गावदेवीसाठी लोखंडी पेटीत पडे आणि होळीला पेटी उघडे. पेटी दर वर्षी एका तांडेलाच्या घरी असायची, यंदा नामदेवच्या. चावी मात्र घरच्या बाईच्या कमरेला, कारण पुरुषांचा संध्याकाळनंतर भरवसा कुणी द्यायचा! नियम कडक होता. पुरुषाने पेटीला हात लावला तर मार आणि दंड, की विषय संपला. बाईने लावला तर तिला बंदरावर मासळी मिळायची नाही, जन्मभर.

जमना उठून त्या पेटीपाशी जाऊन बसली. मग म्हणाली, "देवाचाच पैसा हाय. देवाच्याच शाळेत चाल्ला. होळीपर्यंत मी भरून टाकीन."

नामदेव दचकला. "आपल्या गावदेवी आईचा हाय तो. त्या महाराजाचा नाय."

"देव काय बोटीसारखे येगळे येगळे आसतात?"

आयुष्यात मासळीचा वाटा एका बोटीचा दुसऱ्या बोटीत न जाऊ देणारी ही बाई, देवांच्या बाबतीत मात्र एवढी भोळी निघाली. तिने कमरेची चावी काढली, पेटी उघडली आणि एक लाख चौतीस हजार मोजले. सात हजार खाली उरले. दिशाला सांगितलं की आईच्या पाटल्यांचे चांगले आले.

शुक्रवारी पैसे भरले. सेवानिधीची पावती फाडताना भाग्येशने नामदेवच्या खांद्यावर शाल टाकली, हातात महाराजांची तसबीर दिली आणि फोटो काढला. नामदेव संकोचून हसला. जमनाला बरं वाटलं. नवऱ्याच्या अंगावर शाल तिने पहिल्यांदाच बघितली होती.

रविवारी दुपारी तो फोटो माहीमच्या प्रत्येक मोबाईलवर होता. खाली लिहिलं होतं: मच्छीमार बांधवाकडून विद्यापीठास एक्कावन्न हजारांचा सेवानिधी. मूर्ख भाग्येशने आपल्या धंद्याची जाहिरात केली होती. ऐन जुलैत नामदेवकडे एवढा पैसा आला कुठून, हे आळीने लगेच विचारलं.

दिशा आतल्या खोलीत बॅग भरत होती. तिचा फोन वाजला. नामदेवचा धाकटा भाऊ दर्पण, त्याची मुलगी वैभवी बोलत होती. दोघी बहिणी एकमेकींना सांगितल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नसत. दिशा ओरडली, "बाबा, दर्पणकाका येतोय माणसं घेऊन. पेटी बघायची बोलतात. कसली पेटी?"

नामदेवने जमनाचा दंड धरला आणि तिला चुलीमागे ओढलं. त्याचा आवाज अगदी खाली आला.

"ऐक. चावी तुझ्या कमरेला हाय, सगळ्यांना ठावं हाय. तुझं नाव आलं तर पाटी गेली. पाटी गेली तर पुढली तीन वर्सं कोण भरणार? मी मार खाईन, दंड भरीन, मोकळा होईन. पण तू सुखासुखी चावी दिलीस आसं दिसलं नाय पायजे."

"मंग कसं दिसलं पायजे?"

त्याने स्वतःच्या हाताकडे बघितलं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्याने तिला भर बंदरावर मारलं होतं, सगळ्या आळीदेखत. त्यानंतर देवीची शपथ घेतली होती आणि एकवीस वर्षं पाळली होती. ते जमनाला आठवलं, आणि तो काय करणार ते तिला कळलं. तिने डोळे मिटले.

पहिली थप्पड कानावर बसली. दुसरी तोंडावर. ओठ फाटला, रक्त हनुवटीवरून गळ्यात उतरलं, आणि ती चुलीच्या कडेवर आपटली. त्याने तिच्या कमरेची चावी हिसडली, साडीच्या निऱ्यांसकट. हात राखून मारलं नव्हतं. राखून मारलेलं लोकांना कळतं. दारात दिशा उभी होती. तिने हे पहिल्यांदाच बघितलं. तिच्या हातातला टॉवेल खाली पडला.

तेवढ्यात अंगण भरलं. दर्पण आणि पाच जण होते. एकाच्या हातात वल्हं होतं.

"दादा, पेटी उघड."

नामदेवने चावी त्याच्यापुढे फेकली. पेटी उघडली, सात हजार निघाले. दर्पणने ते दोनदा मोजले, जणू दुसऱ्यांदा मोजल्यावर वाढणार होते.

"कुणी काढले?"

"मी. ती चावी देत नवती, तर हानून घेतली. आज पन तसंच."

सगळ्यांनी जमनाकडे बघितलं. ओठ, गाल, निसटलेल्या निऱ्या. कुणाला शंका उरली नाही. मग ते नामदेववर पडले. पहिली लाथ पोटात बसली, तो वाकला, कुणीतरी केस धरून त्याला अंगणात ओढत नेलं आणि तोंड वाळूत घासलं. ज्यांना त्याने वादळातून सुखरूप परत आणलं होतं तेच पाय त्याच्या बरगड्यांत बसत होते. तो हात उचलत नव्हता. एक शिवी देत नव्हता. त्याच्यासारख्या तापट माणसाचं ते गप्प राहणं जमनाला बघवेना.

दर्पणने मध्येच भाग्येशला फोन लावला आणि पैसे परत मागितले. देवाला दिलेलं परत होत नसतं, असं सांगून भाग्येशने फोन ठेवला. दर्पणने मोबाईल भिंतीवर फोडला आणि वल्हं मागून घेतलं.

"हात धरा त्याचा. उजवा."

जमना धावली. हे ठरलेलं नव्हतं. मार ठरला होता, हात नाही. त्या हाताने तो बोटीचं सुकाणू धरत होता.

"मी काढले!" ती किंचाळली. "दर्पण, चावी माजी, मीच लावली. मीच मोजले. एक लाख चौतीस हजार, मी मोजले! त्याला सोडा."

दर्पणने तिच्या फाटलेल्या ओठाकडे बघितलं. त्याचे डोळे भरले. दारू पिऊन आला तरी वहिनीपुढे मान खाली घालणारा माणूस तो.

"वयनी, एवढा मार खाऊन पन त्याचीच बाजू घेतेस?"

"खरं बोलते रे! आईची शपथ!"

"आई," मागून दिशा म्हणाली. आवाज दगडासारखा होता. "पुरे झालं. किती पाठीशी घालशील त्याला?" आणि तिने आईला कवेत घेऊन मागे ओढलं, घट्ट, हलता येणार नाही असं. वल्हं उतरलं. हाड मोडल्याचा आवाज जमनाने लेकीच्या मिठीत ऐकला.

पालघरच्या दवाखान्यात नामदेवने सांगितलं, ओल्या फळीवरून घसरलो. आळीने दंड ठरवला: दोन वर्षं त्याचा तांडेलाचा वाटा देवीच्या पेटीत. जमनाला उलट बंदरावरच्या पुष्पलता लिलाववालीने स्वतः निरोप धाडला, पुनवेनंतर पयली मासळी तुझ्या पाटीत. बायका येऊन तिच्या ओठाला हळद लावून गेल्या आणि नामदेवच्या नावाने बोटं मोडून गेल्या. त्याने आखलं होतं तसंच सगळं झालं. दिशाने मात्र त्या दिवसापासून बापाकडे बघितलं नाही. मी जाणारच नाही म्हणत होती. जमना म्हणाली, एवढं रक्त सांडलंय, आता नाय गेलीस तर मी खाडीत जीव देईन. तेव्हा तिने बॅग पुन्हा भरली.

"पोरीला तरी सांगू या," जमनाने दोनदा विनवलं.

"तिच्या पोटात ऱ्हात नाय. वैभवीला सांगंल, वैभवी बापाला. मंग तुजी पाटी?" नामदेव म्हणायचा. "शिकू दे. मंग बघू."

विद्यापीठाच्या गेटावर मोठी कमान होती. आत संगमरवर, बाहेर चपलांचा ढीग. खिडकीतल्या बाईने दिशापुढे शेवटचा फॉर्म सरकवला: भेटीला येऊ शकणाऱ्या पालकांची नावं. ज्याचं नाव नाही त्याला चारही वर्षं आत सोडणार नाहीत. दिशाने एकच नाव लिहिलं. जमनाला ते वाचता आलं, आपलं नाव तेवढं तिला वाचता येत होतं. खालची ओळ कोरी होती.

"पोरी, बाबाचं ऱ्हायलं," ती म्हणाली.

"नाय ऱ्हायलं," दिशा म्हणाली.

नामदेव मागेच उभा होता, उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्या हातात लेकीची बॅग. त्याला वाचता येत होतं. त्याने बॅग जमनाच्या पायाशी ठेवली आणि कमानीबाहेर जाऊन चपलांच्या ढिगाशेजारी उभा राहिला.

तासाभराने जमना एकटीच परत आली. पोरीची खोली बघताना दहा वेळा खरं काय ते तिच्या ओठांवर आलं होतं आणि दहा वेळा तिने ते गिळलं होतं. आता तिला नवऱ्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

"खोलीत पंखा हाय?" नामदेवने विचारलं.

"हाय."

"त्याचे येगळे पैसे घेतले?"

"नाय."

"मंग झालं," तो म्हणाला, आणि डाव्या हाताने चप्पल शोधू लागला.