टोपणावरचं गंध

कमलाकांतांनी कार्ब्युरेटर तिसऱ्यांदा सोडवला आणि त्याचे सुटे भाग बायकोच्या पितळी ताटात ओळीने मांडले. सणासुदीचं ताट होतं ते. सरोजिनीबाईंनी पाहिलं, पण आज चालवून घेतलं. उद्या महाराष्ट्राचं राज्य येणार होतं, सकाळी फणसवाडीची मिरवणूक निघणार होती, आणि दारातली छत्तीस सालची मॉरिस गाडी ठाकुरद्वाराच्या पलीकडे जायला तयार नव्हती.

दुखणं मोठं चमत्कारिक. हँडल मारलं की इंजिन लगेच सुरू होई, ऐटीत वाडीबाहेर पडे आणि दहाएक मिनिटांत उचक्या देत रस्त्याच्या मधोमध गप्प होई. मग ढकलत घरी आणायची. कमलाकांत आधी टाकीचं टोपण उघडून पेट्रोल पाहत, मग प्लग घासत, नळ्या फुंकत. की गाडी पुन्हा सुरू! "पाहिलंस?" असं ते बायकोला म्हणत आणि पुढच्या फेरीला पुन्हा तेच. चोवीस वर्षांत या गाडीला परका हात लागला नव्हता, हे ते ज्याला त्याला सांगत. ऐकणाऱ्यांना पाठ झालं होतं, तरी सांगत.

"नाक्यावरच्या मिस्त्रीला बोलावू का?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"त्याला? तो ट्रक ठोकणारा माणूस. गाडी काय खिळ्यांची पेटी आहे?"

त्यांचा ताठा वाडीला ठाऊक होता. पण आज नुसता ताठा नव्हता.

मागच्या चाळीतल्या गंगुबाईंचा मुलगा बुधाजी छप्पनच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावरच्या गोळीबारात पडला. चौघांनी त्याला उचलून कमलाकांतांच्या दारात आणलं होतं, गाडीतून इस्पितळात न्यायला. कमलाकांतांनी हँडल मार मार मारलं, तळहात सोलून निघाले, पण त्या दिवशी गाडीने हूं की चूं केलं नाही. शेवटी बुधाजीला हातगाडीवर घातलं आणि तो वाटेतच गेला. गर्दीतून कोणीतरी म्हणालं होतं, "गाडीवाल्यांची गाडी नेमकी आजच कशी बंद पडली?"

ते वाक्य कमलाकांत चार वर्षं गिळत होते. म्हणून परवाच्या सभेत, कोणी विचारलं नसताना, ते उठून म्हणाले होते, "मिरवणुकीत गंगुबाई सगळ्यांच्या पुढे असतील. माझ्या गाडीत." टाळ्या पडल्या. गंगुबाई मागे बसल्या होत्या, त्या मात्र नुसत्या त्यांच्याकडे पाहत राहिल्या. आता गाडी भर मिरवणुकीत बसली, तर पुन्हा तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

"अहो, एवढा तेलाचा डबा फोडून द्या," आतून हाक आली. "लाडू वळायचेत उद्याचे, नि तळण तसंच राहिलंय."

कमलाकांत कुरकुरत उठले. खिळा घेऊन त्यांनी डब्याला भोक पाडलं आणि डबा भांड्यात कलता धरला. तेल थोडं आलं, अडखळलं, थांबलं. त्यांनी डबा हलवला.

"एका भोकाने कधी तेल येतं का?" सरोजिनीबाई हसल्या. "वारा आत जायला दुसरं नको? इंजिनं खोलता नि डबा फोडता येत नाही!"

कमलाकांत खिळा हातात धरून तसेच उभे राहिले. मग डबा तिथेच ठेवून अनवाणी अंगणात धावले.

पाडव्याला गाडीची पूजा त्यांनी स्वतः केली होती. बॉनेटला हळदकुंकू, चाकांना फुलं, आणि वर्षभर हिचं पोट भरलेलं राहो म्हणून पेट्रोलच्या टोपणावर चंदनाचा जाडजूड टिळा. त्याच टोपणात वारा आत जाण्यापुरतं सुईच्या टोकाएवढं भोक असतं. महिनाभर ते गंधाखाली लिंपलेलं होतं. दहा मिनिटं पेट्रोल येई, मग वाऱ्याविना टाकीतच अडे. घरी आल्यावर ते टोपण उघडत, वारा आत जाई, आणि श्रेय मिळे कार्ब्युरेटरला.

"सरोजिनी, बारीक सुई आण!"

सुई घेऊन आलेल्या सरोजिनीबाईंनी टोपणाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "काखेत कळसा नि गावाला वळसा," त्या म्हणाल्या आणि स्वतःच सुईने गंध टोकरून भोक मोकळं केलं.

दिवेलागणीला कार्ब्युरेटर जागेवर बसला. गाडी चौपाटीला दोन फेऱ्या मारून आली, एकदाही अडली नाही. वाडीत शिरताना कमलाकांतांनी गरज नसताना भोंगा वाजवला. आणि जो भेटेल त्याला छाती काढून सांगितलं, "गाडीला पहिल्यांदाच दुसऱ्याचा हात लागला. आमच्या हिचा! माझी चूक होती, हिने पकडली." बायकोचं एवढं कौतुक त्यांच्या तोंडून वाडीने तोवर ऐकलं नव्हतं.

सकाळी लेझीम दणाणत होतं. गंगुबाई धुवट नऊवारी नेसून आल्या, काखेत काहीतरी फडक्यात गुंडाळलेलं होतं. कमलाकांतांनी मोठ्या अदबीने गाडीचं दार उघडलं.

"बसा, गंगुबाई."

"मी चलत येतलंय, दादानू."

कमलाकांतांचा चेहरा उतरला. सगळी वाडी पाहत होती.

"गाडी बंद पडायची नाही आज. माझा शब्द."

"गाडीवर माझो राग नाय." गंगुबाईंनी आवाज खाली आणला. "त्या दिवशी तुमच्या हातातसून रगात येय होता. मी बघलंय."

गंगुबाईंनी फडकं सोडलं. आत चौकटीतला बुधाजीचा फोटो होता, हार घातलेला.

"ह्येका बसवा. तेवा बसूचा ऱ्हवला."

कमलाकांतांनी फोटो दोन्ही हातांनी घेतला आणि आपल्या शेजारच्या सीटवर ठेवला. मिरवणूक हलली. सगळी वाट पहिल्याच गिअरमध्ये जायची होती, त्यामुळे त्यांचा डावा हात मोकळा होता. तो त्यांनी चौकटीवर ठेवला, खड्ड्यात तोल जाऊ नये म्हणून. गंगुबाई खिडकीला हात लावून शेजारून चालत होत्या, मान ताठ ठेवून.

ठाकुरद्वार आलं आणि मागे पडलं. गाडी थांबली नव्हती. कमलाकांतांच्या ते लक्षातही आलं नाही.