जांभळा रंग

मित्रांनो, मी एक जुनी तपासनळी आहे आणि माझ्यावर खोटं बोलल्याचा आळ आहे. टाउन्सव्हिलमधल्या एका घरच्या पोहण्याच्या तलावाचा पीएच सांगणं हे माझं काम. माझ्यात पाणी भरायचं, पाच थेंब औषध टाकायचं आणि आलेला रंग माझ्या अंगावरच्या पिवळ्या ते गुलाबी पट्ट्यांशी ताडून पाहायचा.

मला मॉरीनबाईंनी आणलं. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांची तीस वर्षं गेली होती. त्या मला दोनदा विसळायच्या, कोपरभर खोलीवरचं पाणी घ्यायच्या, पांढऱ्या भिंतीसमोर धरून निरखायच्या. त्यांचा एकच डोळा धड होता. गुडघे तर कामातून गेलेले. रोज सकाळी अर्धा तास पाण्यात चालल्या की दिवस निभायचा.

पुढे जावई वॉरिकने तलावाचा ताबा घेतला आणि मी औषधाच्या बाटलीसकट तापणाऱ्या पत्र्याच्या खोलीत जाऊन पडले. नाताळला, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, पाहुणे यायचे होते. आदल्या दिवशी त्याने तिप्पट क्लोरिन ओतलं आणि लगेच मला बुडवून औषधाचे थेंब टाकले. मी जांभळी झाले. हा रंग माझ्या पट्टीवर नाहीच.

"पीएच चढलाय. आम्ल ओततो," वॉरिक म्हणाला.

"थांब रे. क्लोरिन जास्त झालं की औषध असंच फसवतं. ते उतरू दे, मग तपास."

"सासूबाई, ही तुमची शाळा नव्हे. तुम्ही गुडघे सांभाळा, पाणी मी सांभाळतो."

त्या आत गेल्यावर त्याने तीन बाटल्या आम्ल पायऱ्यांपाशीच ओतलं, तेही पंप बंद ठेवून; ते पाण्यात मिसळलंच नाही, तिथेच साचून राहिलं. सकाळी मॉरीनबाई मला शोधू लागल्या. मी त्याच्या खिशात होते.

"काही टाकलं नाहीस ना रे?"

"छे हो. तुमचंच ऐकलं. उतरा बिनधास्त."

त्या उतरल्या आणि सवयीने तोंडावर ओंजळभर पाणी मारलं. तो धड डोळा त्या सकाळी गेला. मला फार वाईट वाटलं, पण मला कोण विचारतो? पाहुण्यांसमोर कोळंबी सोलत वॉरिक म्हणाला, "जुनी नळी, चुकीचं दाखवलं तिने."

मित्रांनो, औषधाची मुदत पाहा, क्लोरिन उतरू द्या, मग रंग पाहा. आणि कुणी विचारलं तर खरं सांगा.

मॉरीनबाई आता काठावरच्या खुर्चीत बसून असतात. दर शनिवारी विचारतात, "किती आलं रे?"

"सात पूर्णांक चार. झकास आहे, सासूबाई."

तेव्हा मी त्याच्या हातात असते. कोरडी.