डावीकडची दोरी

२०२३च्या मे महिन्यातली गोष्ट. धरणाच्या काठावर सुंदराबाईचा पाय एका जागी ठरत नव्हता. पाण्यात तिची नात पायल फळीवर उभी होती आणि तिला ओढणारा मोठा पतंग सारखा डावीकडे झुकत होता.

"आई, बस की जरा," संजय म्हणाला. "परीक्षा तुझ्या नातीची आहे."

पास झाली तर पायल तमिळनाडूच्या किनाऱ्यावर हा खेळ शिकवायला जाणार होती. विश्रांतवाडीचं घर ओस पडेल, असं सुंदराबाई महिनाभर घोकत होती. तरी काल पतंगाची दोरी तिनेच बदलली होती. ब्लाउज शिवण्यात जन्म गेलेला. पतंगाच्या दोन्ही अंगांना इवल्या कप्प्या असतात. त्यांवरून दोऱ्या सरकतात, म्हणून हातातला दांडा जवळ ओढला की पतंग वारा पितो, सोडला की ढिला पडतो. डावीकडची दोरी कप्पीने खाल्ली होती.

वारा वाढला. पतंग पायलला घेऊन खडकांकडे निघाला.

"धर, पोरी! घट्ट धर!" सुंदराबाई ओरडली.

पायलने दांडा सोडून दिला. पतंग मलूल होऊन पाण्यावर पडला.

ती निथळत काठावर आली. "आजी, मी दोन दोऱ्या आणल्या होत्या. दुसरी कुठंय?"

"डब्यात. उजवीकडची चांगली होती की. फाटलं तेवढंच शिवावं."

"अगं, ती जुनी ताणून लांबलीये, नवी आखूड! दोन्ही एकदम बदलायच्या असतात."

संजयने आवाज खाली आणला. "आई, मुद्दाम नाही ना केलंस?"

सुंदराबाईने नाही म्हणून मान हलवली. पण तिची तिलाच खात्री वाटेना.

"पप्पा, काहीही! ब्लाउजचे हूकसुद्धा एकेक मोजून लावते ती. तिला कट कसला जमतोय!"

परीक्षक रणजित सर हसले. "सोडलंस म्हणून वाचलीस. पुढच्या रविवारी ये परत."

"दुसरी दोरी तूच लाव, आजी," पायल म्हणाली.

सुंदराबाईने ती लावली. दोनदा सोडली, पुन्हा लावली. रविवारी पतंग सरळ उडाला.

रणजित सर पुढे गोव्याला गेले. पायल तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच रमली. बुद्धपौर्णिमेला येते, कधी येतही नाही. संजय आईला फोन लावून देतो आणि आवाज तुटला की फोनवरच चिडतो.

एका बाहीची शिवण उसवली, तरी सुंदराबाई आता दोन्ही बाह्या नव्याने शिवते.

"अहो मावशी, दुसरी चांगली होती की," गिऱ्हाईक म्हणतं.

"असू दे," म्हणत ती मशीनच्या चाकावर हात ठेवते, आणि बाहेरची झाडं कुठल्या बाजूला हलताहेत ते बघत राहते.