चादरीचा ओला कोपरा

“आई, आज कशालाही ‘हो’ म्हणायचं नाही. काय विचारलं तरी आधी माझ्याकडे बघायचं.”

“बघते बाई. लग्नात एकदाच ‘हो’ म्हटलं, ते अजून निस्तरतेय,” सासूबाई म्हणाल्या आणि बाकावर जरा आत सरकून बसल्या.

सुनेला हसू आलं नाही. मांडीवर ढब्बी चुळबुळत होती. दहा महिन्यांची पोर, पण वजनानं दगड. म्हणून तर घरात सगळे तिला ढब्बी म्हणत. समोरच्या दारावरची पाटी अर्धी उडाली होती, ‘अपील’ एवढंच वाचता येत होतं. दार उघडलं की सून उठायला जाई, पण आतून दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं जाई.

“दुखतंय का फार?” तिनं हळूच विचारलं.

“नाही गं.”

“आई! हेच, हेच म्हणायचं नाही!”

“तू विचारलंस म्हणून ‘नाही’ म्हटलं. साहेबानं विचारलं की ‘हो’ म्हणेन. म्हणजे ‘हो’ म्हणायचं ना आता? का ‘नाही’?” सासूबाईंनी मान हलवली. “दुखायचं सोपं आहे, सांगायचंच अवघड.”

सकाळची दुखण्याची गोळी आज सुनेनंच दिली नव्हती. गोळी घेतली की बोटं थोडी हलतात आणि मागच्या वेळी पेन्शनच्या तपासणीत तीच थोडी हलणारी बोटं डॉक्टरांना दिसली होती. डबी तिनं फळीवर ठेवली आणि म्हणाली, “आज नको, आल्यावर घ्या.” सासूबाईंनी का म्हणून विचारलं नाही. तेच तिला सकाळपासून खुपत होतं.

सासूबाईंची हयात मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात गेली. ओल्या चादरी पिळायच्या, इस्त्रीच्या गरम रुळांतून काढायच्या, समोरासमोर दोघींनी उभं राहून घड्या घालायच्या. तिथल्या बायका म्हणत, हिच्या घडीवर पाणी ठेवलं तरी सांडायचं नाही. मग बोटं आखडायला लागली. आधी करंगळी, मग शेजारची, मग सगळीच. आता दोन्ही हात आल्याच्या गड्ड्यासारखे वाकडेतिकडे झाले होते. धुलाईघरानं घरी बसवलं. सरकारी अपंग पेन्शनचा अर्ज सुनेनंच केला. मुलगा मालट्रकवर, महिन्यातला निम्मा काळ रस्त्यावर. सून चष्म्याच्या दुकानात काउंटरवर. तिच्या पगारावर पोट चालायचं, पण सासूबाईंची महागडी इंजेक्शनं त्यात बसत नव्हती. ती मिळाली नाहीत तर उरलीसुरली हालचालही जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

आणि तपासणीच्या दिवशी सासूबाईंनी घात केला होता.

तपासणारे डॉक्टर तरुण होते, घाईत होते. शर्टाचं बटण, पाण्याचा पेला, सगळं विचारून झाल्यावर म्हणाले, “घरी कोण असतं दिवसभर?”

“मी आणि नात. माझ्याच अंगावर असते की दिवसभर. उचलते, खेळवते, झोपवते. काऽही अडत नाही.”

हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला होता, की डॉक्टरही हसले आणि हसत हसतच त्यांनी लिहिलं. नाकारल्याच्या पत्रात तेच आलं. अर्जदार बालसंगोपन करण्यास सक्षम.

“का बोललात असं?” सून त्या दिवशी चिडली होती.

“घरी कोण असतं विचारलं त्यांनी. नात आहे हे लपवू होय?”

सुनेला ती बढाई वाटली होती. म्हाताऱ्या माणसांना चार लोकांत आपलं बरं दाखवायची हौस असतेच. खुद्द तिला मात्र एका गोष्टीची खात्री होती, की बाकी काही जमो न जमो, ढब्बी त्यांच्याजवळ सुखरूप आहे. या खात्रीवर ती रोज घराचा उंबरा ओलांडायची. तशी ती स्वभावानं धास्तावलेली. मन चिंती ते वैरी न चिंती. दुकानातून दोनदा फोन, घरी आल्यावर पोरीच्या अंगाची तपासणी. गेल्या महिन्यात ढब्बीच्या कपाळावर टेंगूळ दिसलं, तेव्हा पिशवी दारातच टाकून ती धावली होती. “त्या लाकडी घोड्यावर आपटली गं,” सासूबाई म्हणाल्या. घोडा तिच्या माहेरून आलेला, तिच्या लहानपणीचा. तिनं तो त्याच संध्याकाळी कचऱ्यात टाकला. आणखी एक गोष्ट तिला छळायची. ढब्बीच्या निळ्या चादरीचा एक कोपरा रोज ओला आणि चुरगळलेला असायचा. पोर चोखते म्हणून ती दर दोन दिवसांनी ती चादर उकळत्या पाण्यात घालायची.

“या, आत या,” कारकुनानं दार उघडून हाक मारली.

टेबलामागे अपील ऐकणाऱ्या बाई होत्या. केस पिकलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी बसायला सांगितलं, ढब्बीकडे बघून हसल्या आणि फाइल उघडली.

सुनेनं सगळं पाठ केलं होतं. मूठ वळत नाही. नळ मनगटानं उघडतात. वेणी मी घालते. घास चमच्याला रबर गुंडाळून देतो, तरी सांडतो. बोलता बोलता तिला कळत होतं की शेजारी बसलेल्या सासूबाईंना आपण एकेक वस्त्र उतरवल्यासारखं उघडं करतोय. सासूबाई मान खाली घालून ऐकत होत्या. फक्त घास सांडतो म्हटल्यावर त्यांनी हात शालीखाली घेतले.

“हे सगळं पटलं मला,” बाई म्हणाल्या. “पण मग एवढी बाळसेदार मुलगी उचलतात कशा? तुम्ही कामावर असता ना?”

‘शेजारीण येते’ असं सांगायचं ठरलं होतं. खोटंच, पण निरुपद्रवी. तिनं तोंड उघडलं आणि तिच्या ध्यानात आलं, की या प्रश्नाचं खरं उत्तर आपल्याला माहीतच नाही. जे हात घास धरू शकत नाहीत, ते रोज तिचं मूल कसे धरतात, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर दुकानात जाता आलं नसतं.

“आजी, तुम्हीच सांगा,” बाई म्हणाल्या.

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. ठरल्याप्रमाणे. पण सुनेला ना ‘हो’ म्हणता आलं, ना ‘नाही’.

“सांगून नाही कळायचं,” सासूबाई म्हणाल्या. “चादर आहे का गं पिशवीत?”

निळी चादर त्यांनी मनगटांनीच जमिनीवर पसरली. “ढब्बीला ठेव मधे.” सुनेनं ठेवलं. सासूबाई हळूहळू गुडघ्यांवर आल्या. हाताच्या कोपरांनी चादरीची दोन टोकं जवळ ओढली, एक टोक दातात धरलं, दुसरं मनगटाला वेढलं, मान एका बाजूला झुकवून हिसका दिला. गाठ बसली. तो कोपरा त्यांनी दातांनी पुन्हा एकदा करकचून आवळला, फासात डोकं घातलं आणि खुर्चीच्या पायाला खांदा टेकवून त्या उठल्या. ढब्बी त्यांच्या छातीशी झोळीत लोंबकळत होती. पोरीला हा खेळ पाठ होता. चादर ताणली गेली तशी ती खिदळली.

कारकुनाचं टायपिंग थांबलं होतं.

“ओल्या चादरींची मोळी आम्ही अशीच न्यायचो,” सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. “हात भाजलेले असले की मानेवर घ्यायची. दात आहेत तोवर हात आहेत, म्हणायचो आम्ही.” त्यांना पुन्हा तसाच, त्या डॉक्टरांसमोर झाला होता तसा आनंद झाला होता.

“गाठ सुटली तर?” बाईंनी विचारलं.

“सुटत नाही.”

“पण समजा सुटली?”

सासूबाईंचा चेहरा उतरला. सुनेकडे न बघता त्या म्हणाल्या, “एकदा सुटली होती. उठता उठताच सुटली. फार उंचावर नव्हते मी.”

घोडा. सुनेला तो कचऱ्याच्या ढिगावर चारी पाय वर करून पडलेला दिसला. ती उठली. ढब्बीला झोळीतून काढताना गाठ तिलाही सुटेना. तिनं तशीच पोर वरून ओढून काढली. ढब्बीनं भोकाड पसरलं. चादर सासूबाईंच्या गळ्यात रिकामी लोंबत राहिली.

“डॉक्टरांना हे का नाही सांगितलंत आजी?” बाईंचा आवाज मऊ होता. “सांगितलं असतंत तर तेव्हाच मंजूर झालं असतं.”

“ही सून शेजारी बसली होती ना,” सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“मला लिहावं लागेल, आजी. मूल सांभाळण्यास असमर्थ. आधीचा शेरा खोडायचा तर हेच लिहावं लागतं. मग पेन्शनला अडचण नाही. पण तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय नाही लिहिणार.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सुनेच्या डोळ्यांपुढून चष्म्याचं दुकान, मालकाचा कपाळावर आठ्या घातलेला चेहरा, फळीवरची गोळ्यांची डबी, सगळं सरकून गेलं. तिला वाटलं, आपण म्हणावं, आई, थांबा, काहीतरी मार्ग काढू. पण ढब्बीचं डोकं तिनं आपल्या मानेशी गच्च दाबून धरलं होतं आणि ती पकड सैल होत नव्हती. सासूबाईंनी तेवढं पाहिलं.

“लिहा बाई,” त्या म्हणाल्या. “खरंच आहे ते.”

बाहेर आल्यावर दोघी मघाच्याच बाकावर बसल्या. सुनेनं पिशवीतून गोळीची डबी काढली. निघताना कशी कोण जाणे, तिनं ती फळीवरून उचलून पिशवीत टाकली होती. गोळी आणि पाणी तिनं सासूबाईंच्या ओठांशी धरलं. त्यांनी मुकाट्यानं घेतली.

“मी रागावले नाहीये,” सून म्हणाली.

“राग नाही गं. भ्यालीस. आई आहेस, भ्यायलाच हवं.”

“घोड्याचं तरी खरं सांगायचंत ना. टाकू दिलात मला.”

“सांगणार होते,” सासूबाई म्हणाल्या. “पण तू दुसऱ्या दिवशी कामाला निघालीस, आणि ही दारातच माझ्याकडे झेपावली. म्हटलं, उद्या सांगू.”

रडून दमलेल्या ढब्बीचं लक्ष आजीच्या गळ्यातल्या चादरीकडे गेलं. हुंदका मधेच थांबला. तिनं दोन्ही हात पसरले आणि आईच्या मांडीवरून पुढे अंग झोकून दिलं. सासूबाई सवयीनं पुढे वाकल्या. मग थांबल्या आणि हात शालीखाली घेतले. सुनेनं पोरीला मागे ओढलं नाही, पण पुढेही दिलं नाही.

“चल, घडी घालू हिची,” सासूबाई म्हणाल्या आणि गळ्यातली गाठ दातांनी सोडवली.

दोघी उठून समोरासमोर उभ्या राहिल्या. सुनेच्या कडेवर पोर, म्हणून हात एकच. सासूबाईंनी आपली दोन टोकं मनगटांत दाबून धरली. टोकाला टोक आणायला त्या एक पाऊल पुढे आल्या, सून एक पाऊल मागे गेली, चादर मधेच घसरली. पुन्हा धरली. ढब्बीला वाटलं खेळच चाललाय, ती लोंबणारी कड पकडायला बघत होती. शेवटी कशीबशी घडी झाली, एका बाजूला तिरकी, आणि तो ओला कोपरा बाहेर राहिलेला.

“थांबा, नीट करते,” सून म्हणाली.

“राहू दे,” सासूबाई म्हणाल्या. “आता नुसती अंथरायचीच तर आहे.”